नजर कागदावर

आमच्या घरी ‘यू’ या एका अक्षरावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी पैशावरून, दारूवरून किंवा माझ्या पहिल्या नवऱ्यावरूनही झाली नाहीत. आणि माझा पहिला नवरा म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं.

माझे आईबाबा गावातल्या वर्तमानपत्रात प्रुफं तपासायचे. त्या काळी मेलबर्नची काही पत्रं ‘कलर’, ‘ऑनर’, ‘हार्बर’ असले शब्द यू गाळून छापायची आणि आमचं पत्र त्यांचीच री ओढायचं. शाळेत मात्र इंग्लंडची पद्धत, तिथे यू हवाच. बायबलात हवा, सरकारी कागदांवर हवा, दुकानांच्या पाट्यांवर रंगाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. मी एकदा निबंधात ‘हार्बर’ यू न घालता लिहिला, तर मिस कर्नो सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, “लिनेट ट्रेविन, तुझ्या आईबापाच्या छापखान्यात शाई महाग झाली असेल, इथे नाही झाली.” मी रडत घरी आले. आई म्हणाली, छापलेलं तेच खरं, मिस कर्नोला काय कळतंय. बाबा म्हणाले, “शाळेत शाळेसारखं लिही. मोठी झालीस की तुझं तू ठरव.” मग माझा निबंध राहिला बाजूला आणि त्या दोघांचीच जुंपली.

कारण खरी गंमत अशी की बाबा मनातून यूवाले होते. त्यांचे आजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणीत काम करायला आलेले, येताना बायबल तेवढं घेऊन आले आणि बाबा त्यातूनच वाचायला शिकले. ऑफिसात ते दिवसभर लोकांचे यू खुडायचे, गवारीच्या शेंगांची डेखं खुडावीत तसे. घरी आले की माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर ‘फेव्हरिट’मधला यू मुद्दाम एवढा मोठा काढायचे की बाकीची अक्षरं कोपऱ्यात जाऊन बसायची. आईचं उलट. तिचे वडील रेल्वेच्या युनियनमधले, लेबर पक्षाचे. त्या पक्षाने आपल्या नावातला यू कधीच टाकून दिलेला, त्यामुळे यू म्हणजे तिला नसता साहेबी थाट वाटायचा.

“कशाला पोसायचं हे अक्षर?” ती म्हणायची. “काम नाही, धंदा नाही, नुसतं मधे बसून खातं.”

“मर्ल, तुझा भाऊही तेच करतो,” बाबा म्हणायचे. “त्याला काढलंस का घरातून?”

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. मी केस कापायला शिकले. केसाला एकच रीत असते, लांब असला तर कापायचा.

पण लहानपणी शाळा सुटली की मला त्यांच्या खोलीत जाऊन बसावं लागायचं, म्हणून तिथलं सगळं मला पाठ आहे. खोली म्हणजे समोरासमोर दोन खुर्च्या आणि मधे टेबल. आई ओळीखाली पट्टी धरून मूळ मजकूर मोठ्याने वाचायची आणि बाबा छापून आलेल्या प्रुफावरून पेन्सिल फिरवत जायचे. नुसते शब्द वाचून भागत नाही, सगळंच म्हणावं लागतं, स्वल्पविराम, पूर्णविराम, मोठं अक्षर. जो शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो त्याच्यासाठी त्यांच्या खुणा होत्या. यू असला तर ‘लांब’, नसला तर ‘आखूड’. शेवटी एस आहे की झेड, तुरुंग जीने लिहिलाय की जेने, व्हिस्की स्कॉटलंडची, ई नसलेली, की आयर्लंडची, ई असलेली. पत्राचा नियम आखूडचा असला तरी माणसांची नावं, गावांची नावं ज्याची त्याने लिहावी तशीच ठेवायची. मृत्यूच्या जाहिरातींना तर कुणीच हात लावायचा नाही. घरच्यांनी जसं लिहून दिलं तसं. “दुःखात माणसाला व्याकरण शिकवू नये,” बाबा म्हणायचे.

आणि नियम कडक होते. वाचणाऱ्याने नजर कागदावरून उचलायची नाही, कारण उचलली की ओळ हरवते. फरक दिसला की बाबा पेन्सिलीने टेबलावर टकटक करायचे. टकटक झाली की आईने थांबून विचारायचं, “कुठे?” आणि टकटक होत नाही तोवर थांबायचं नाही, छप्पर कोसळलं तरी. “आम्ही जन्मभर समोरासमोर बसलो आणि एकमेकांचं तोंड पाहिलं नाही,” बाबा पाहुण्यांना सांगायचे, “म्हणून तर टिकलं लग्न.” मग ते आईच्या पहिल्या आठवड्याची काहीतरी गोष्ट सुरू करायचे. “ही नवीन लागली ना, तेव्हा सारखी मान वर…” एवढ्यात आई उठायची. “डेस, चहा गार होतोय तुझा.” पुढची गोष्ट मी कधीच ऐकली नाही.

पुढे कॉम्प्युटर आले, ती खोली बंद झाली, दोघंही घरी बसले. आणि मग एक दिवस आमच्या पत्राने यू परत लावले. बाबा सकाळी व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते. पहिल्याच पानावर ‘कलर’, पोटात यू घेऊन. “मर्ल, बघ, जिंकलो,” ते ओरडले. आई हात पुसत आली, तिने बघितलं. मग बाबाच म्हणाले, “म्हणजे मी आयुष्यभर जे काढत बसलो, ते सगळं राहू दिलं असतं तरी चाललं असतं.” एरवी आईने याला दहा उत्तरं दिली असती. त्या दिवशी तिने त्यांच्या ताटात आणखी एक पेस्टी, आमची मांस-बटाट्याची करंजी, वाढली आणि शेजारी बसून राहिली.

बाबांना झटका आला तो टोमॅटोची रोपं लावताना. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डावा हात चालत होता, डोळे उघडे होते, आणि आत कोण आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बोललेलं त्यांना कळतं की नाही यावर सगळं आहे. कळत असेल तर मेलबर्नच्या पुनर्वसन केंद्रात काही महिने ठेवून घेतील, पुन्हा चालायला, थोडंफार बोलायला शिकवतील, मग ते घरी. कळत नसेल तर केंद्रातली जागा दुसऱ्याला. मग आमच्या गावचा रेल्वे रुळांपलीकडचा वृद्धाश्रम, कायमचा. आईच्या पाठीचे मणके गेलेले, तिच्याच्याने त्यांना उचलणं शक्य नव्हतं. माझं सलून, माझी पाठ, ती तरी कुठे धड आहे. केंद्राची बाई फेब्रुवारीत घरी येऊन त्यांना तपासणार होती.

“तो वृद्धाश्रमात जाणार नाही,” आई म्हणाली. “तिथे दिवसभर टीव्ही चालू असतो आणि माणसं त्याच्याकडे पाठ करून बसलेली असतात. मी पाहिलंय.”

“आई, ते आपल्या हातात नाही.”

“तुझ्या हातात नाही. तू केस काप.”

एका दुपारी सलूनमध्ये तिचा फोन आला. ती नुसती श्वास घेत होती. मला वाटलं, गेले बाबा. मग म्हणाली, “लिनेट, त्याने चूक पकडली ग.” ती त्यांना पेपर वाचून दाखवत होती, जुन्या सवयीने लांब-आखूड म्हणत, पेपर त्यांच्याही पुढ्यात होता, आणि एका ठिकाणी तिची जीभ घसरली, ती दचकली, आणि बाबांनी डाव्या हाताने खुर्चीच्या ट्रेवर टकटक केली. आईला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी मिसेस पोलग्रीनच्या डोक्याला रंग लावून तशीच निघाले. मी परत येईपर्यंत ती बाई गाजरासारखी झाली होती. अजून माझ्याशी बोलत नाही.

त्यानंतर आई रोज पेपरच्या दोन प्रती आणू लागली, एक त्यांच्यापुढे, एक तिच्या हातात. पेपरवाला हॅरल्ड म्हणाला, “मर्ल, दोनदा वाचल्याने बातमी सुधारते का ग?”

“तुझ्या दुकानात उभं राहून फुकट वाचतात त्यांना विचार,” आई म्हणाली.

रोज सकाळी बाबांना खुर्चीत बसवून, ट्रेवर पेपर पसरून, डाव्या हातात पेन्सिल देऊन ती समोर बसायची. वाचता वाचता मुद्दाम चूक करायची, लांब छापलेलं असलं तर आखूड म्हणायची. आणि बाबा टकटक करायचे. नेहमीच नाही, पण बहुतेक वेळा. “कुठे?” ती विचारायची, आणि मग स्वतःच सांगायची, “बरोबर. लांब आहे इथे. शाबास, डेस.” तिच्या अंगात पुन्हा जीव आला. तिने केस धुऊन सेट करून घेतले. बाबांसाठी मेलबर्नला न्यायला नवे पायजमे आणले. मलाही वाटायला लागलं की बाबा आहेत, आत आहेत, दार तेवढं अडकलंय. मी बऱ्याच वर्षांत एवढी सुखी झाले नव्हते. मूर्खासारखं, पण झाले होते.

बाई येणार त्याच्या आधीच्या रविवारी मी बाबांचे केस कापायला गेले. मागच्या व्हरांड्यात त्यांना बसवलं, गळ्याभोवती कपडा बांधला. आई समोर बसून वाचत होती, ती काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. कापलेले केस ट्रेवरच्या पेपरवर पडले म्हणून मी पेपर उचलला, कठड्यापाशी झटकला, परत ठेवला. आई वाचत राहिली. नगरपालिकेची सभा, पाण्याची टंचाई, बागेतली फुलझाडं. बाबांनी टकटक केली.

“कुठे? बरोबर, लांब. शाबास.”

मी कानामागचे केस घेत होते. सहज खाली पाहिलं. मी ठेवताना पान उलटलं होतं. बाबांपुढे क्रिकेटचं पान होतं, आणि तेही डोकं खाली, पाय वर.

पुढची चूक झाली, बाबांनी टकटक केली, अगदी वेळेवर.

माझी कात्री हवेतच राहिली. मी आईकडे पाहिलं. मी बाबांच्या मागे उभी होते, म्हणजे बाबांना जे दिसतं तेच मला दिसत होतं. आई वाचत होती, नजर कागदावर, पट्टी एकेका ओळीखाली सरकत होती. मग चुकीचा शब्द जवळ आला, आणि आईने चष्म्यावरून नजर उचलली. बाबा पकडतात का ते बघायला. शब्द तोंडातून निघण्याच्या आधीच बघितलं. बाबांनी टकटक केली.

मी पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. एकदा मॅग्पाय कठड्यावर येऊन बसला आणि आईने त्याच्याकडे बघता बघता बाबांकडेही पाहिलं. चूक नव्हतीच तिथे. बाबांनी टकटक केली. “अरे, हा पक्षी,” आई हसली. “नाही डेस, तिथे बरोबर होतं.”

मी केस कापून संपवले. मान झाडली. पेपर सुलटा करून ठेवला. गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, एका झाडाखाली उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. बाबा गेलेत हे मला त्या दिवशी कळलं, आणि घरात ते मला एकटीलाच माहीत होतं. आईला सांगावं तर काय सांगू? की तू चूक करतेस ते त्याला कळत नाही, तू बघतेस तेवढं कळतं? मी ठरवलं, गप्प बसायचं. केंद्राच्या बाईला टकटक दिसेल, ती लिहून नेईल, बाबांना जागा मिळेल. कुणास ठाऊक, तिथले लोक हुशार असतात, काहीतरी करतील. निदान आईला काही महिने मिळतील.

ती आली, मिस लाम. लहानखुरी, आईबाप व्हिएतनामचे असतील, पण बोलणं आमच्यापेक्षाही पक्कं इथल्या व्हिक्टोरिया राज्याचं. आल्या आल्या म्हणाली, “मर्ल, कशा आहात?”

“मिसेस ट्रेविन,” आई म्हणाली. “बसा. स्कोन गरम आहेत, चहाबरोबर घ्या.”

मिस लाम काही वाईट नव्हती. मला ती वाईट निघाली असती तर बरं वाटलं असतं. ती बाबांच्या समोर गुडघ्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, “मिस्टर ट्रेविन, नाकाला हात लावता का?” बाबांनी तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं. तिने पुढे कप, कंगवा, किल्ली मांडली. “यातला कप कुठला?” बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

“आयुष्यात त्याने कुणाच्या सांगण्यावरून नाकाला हात लावलेला नाही,” आई म्हणाली. “आणि घरात कप कुठला ते त्याला आधीही सापडत नव्हतं. मला वाचू द्या.”

तिने मिस लामला सगळं समजावलं, लांब, आखूड, एस, झेड, टकटक. मिस लाम लक्ष देऊन ऐकत होती. मग आईने वाचायला घेतलं. पहिली चूक, टकटक. दुसरी चूक, टकटक. मिस लाम खुर्चीत पुढे सरकली. “परत एकदा?” टकटक. तिचा चेहरा खुलला. “असं मी कधी पाहिलं नाही,” ती म्हणाली, आणि आईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर्गात पहिली आलेली मुलगी असं बघते.

“आता एकच करू,” मिस लाम म्हणाली. “तुम्ही त्यांच्या मागे बसून वाचाल? त्यांना नुसता आवाज ऐकू जाऊ दे. काय कानाने कळतं आणि काय डोळ्याने, ते मला वेगळं करून बघावं लागतं.”

“आता पुरे,” मी म्हणाले. “उकाडा किती आहे. आईची पाठ दुखते. ते दमलेत.”

मिस लामने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे हे तिला तिथेच कळलं.

“लिनेट, गप,” आई म्हणाली. “माझी पाठ माझ्यापाशी आहे. खुर्ची उचल.”

मीच ती खुर्ची उचलली. बाबांच्या समोरून काढली आणि त्यांच्या पाठीमागे ठेवली. आई बसली, पट्टी लावली, घसा साफ केला आणि वाचू लागली. बाबा समोर जिथे खुर्ची असायची त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

“हार्बर आखूड,” आईने म्हटलं. तिथे लांब होतं. बाबांचा हात ट्रेवर तसाच राहिला.

ती थांबली नाही. टकटक झाल्याशिवाय ती थांबत नसे. पुढे तुरुंग जीचा जे केला, काही नाही. एसचा झेड केला, काही नाही. तिचा आवाज चढला. मग ती प्रत्येकच शब्द चुकीचा वाचू लागली. महापौराला मेंढ्यांचा दलाल केलं, पावसाच्या आकड्यांत घोड्यांची नावं घातली, पाणीटंचाई ख्रिसमसला नेऊन ठेवली. तोच तो एकसुरी आवाज, स्वल्पविराम, पूर्णविराम, मोठं अक्षर. “मिसेस ट्रेविन,” मिस लाम म्हणाली. आईला ऐकूच गेलं नाही. पान संपलं, तिने उलटलं आणि मृत्यूच्या जाहिराती वाचायला घेतल्या. एक वाचली, दुसरी वाचली. त्या दोन्ही तिने बरोबर वाचल्या, त्यांना हात लावायचा नसतो. मग म्हणाली, “ट्रेविन, पूर्णविराम. मर्ल, स्वल्पविराम. आपल्या घरी, स्वल्पविराम, अचानक. डेसमंडची लाडकी पत्नी, पूर्णविराम. फेव्हरिट…” तिचा आवाज फाटला. “फेव्हरिट लांब, डेस. लांब.”

बाबा रिकाम्या जागेकडे बघत होते.

आई पुढे वाचत होती. कुठल्या ओळी, कुठलं काय, आता काहीच कळत नव्हतं. नुसते ओठ चालले होते आणि पट्टी एकाच जागी होती. मला ते सहन झालं नाही. मी दारापाशी उभी होते. मी चौकटीवर बोटांनी टकटक केली.

आई तत्काळ थांबली.

“कुठे?” तिने विचारलं.

“कुठेच नाही, आई,” मी म्हटलं. “थांब आता.”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे, मी परवाच नीट कापलेल्या त्यांच्या मानेवरच्या केसांकडे. “तुझं काम नाही ते,” ती मला म्हणाली. राग नव्हता. नुसतं सांगितलं.

मिस लामचे डोळे भरून आले होते. तिने बॅग आवरली. “मला जे दिसलं तेच लिहावं लागेल मिसेस ट्रेविन.”

“लिहा,” आई म्हणाली. “आणि शुद्ध लिहा.”

मार्चमध्ये बाबांना रुळांपलीकडे हलवलं. नवे पायजमे तिथेच कामाला आले. खोली बरी होती, खिडकीतून युकॅलिप्टसचं एक झाड दिसायचं. जेवणघरातला टीव्ही तिथपर्यंत ऐकू यायचा. आई रोज सकाळी बसने जायची. पेपर नेणं तिने बंद केलं होतं.

एका सोमवारी माझं सलून बंद होतं म्हणून मी तिला गाडीतून घेऊन गेले. वाटेत फाटक पडलं होतं, गाडी थांबली. आई समोर बघत म्हणाली, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“केस कापले तेव्हापासून. तू नजर उचलायचीस, आई. चुकीच्या आधी. ते तुझ्या नजरेला टकटक करायचे.”

मला वाटलं, ती माझ्यावर तुटून पडेल. मालगाडी आली आणि गेली. फाटक उघडलं तरी मी गाडी सुरू केली नाही, मागचा माणूस भोंगा वाजवत होता.

“मी नवीन लागले होते तेव्हा,” आई म्हणाली, “मला त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवायचं नाही. फार देखणा होता तो. तुला वाटत नसेल, पण होता. मी वर बघितलं की त्याची टकटक. मी घाबरून विचारायचे, ‘कुठे?’ तो म्हणायचा, ‘कुठे नाही. नजर कागदावर.’ मान वर न करता म्हणायचा हं. मग त्याला कसं कळायचं मी बघतेय ते?” ती जरा हसली. “पूर्ण आठवडा तेच. शुक्रवारी मी त्याला म्हटलं, तुला चहा पाजते, मग तरी बघू देशील का. चल ना आता, तो मागचा मेला ओरडतोय.”

बाबा खिडकीशी खुर्चीत होते. कुणीतरी त्यांचा भांग चुकीच्या बाजूला पाडला होता, मी तो नीट केला आणि बाजूला झाले. आईने दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या समोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ. ती बसली. तिच्या हातात काही नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

बाबांचं डावं बोट खुर्चीच्या हातावर उठलं. टकटक.

“कुठे?” आईने विचारलं.

जेवणघरात टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा टकटक केली, मग पुन्हा. आईने नजर खाली केली नाही.